नगरमध्ये एकेकाळी परवाना घेऊन गांजा पिकायचा, आज एक रोप लावलं तरी १० वर्षं आत जाऊ शकता

कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "विकायचा नाही, फक्त एक रोप लावायचंय. तेवढं चालतं ना?"

नाही चालत.

गंमत म्हणजे हा प्रश्न अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर उत्तर वेगळं असतं. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात गांजा पिकवणाऱ्या मोठ्या जिल्ह्यांत नगरचं नाव होतं. शेतकरी परवाना काढायचा, माल परवानाधारक व्यापाऱ्याला जायचा आणि सरकार त्यावर कर घ्यायचं. १८९३ मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्याने देशभरातल्या ११९३ साक्षीदारांचं म्हणणं घेतलं आणि सरसकट बंदी नको, लागवडीवर नियंत्रण ठेवा, कर लावा असं सांगितलं.

मग चित्र कधी पालटलं? १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि पुढे १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू झाला. आज नगरच्या शेतकऱ्यालाही तोच लागू आहे.

आता नीट लक्ष द्या, कारण बहुतेक जण इथंच फसतात.

गांजा जवळ सापडला तर शिक्षा वजनावर ठरते. १ किलोपेक्षा कमी म्हणजे 'अल्प प्रमाण', शिक्षा १ वर्षापर्यंत. २० किलोपेक्षा जास्त म्हणजे 'व्यावसायिक प्रमाण', तिथं किमान १० वर्षं. रीलवाले हेच १ किलोचं गणित झाडाला लावतात. पण लागवडीसाठी कलम २० मध्ये असा जिनाच नाही. एक रोप असो की एक एकर, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. न्यायाधीश शिक्षा कमी देऊ शकतात, पण गुन्हा तोच राहतो.

"बी तर ऑनलाइन मिळतं की!" मिळतं. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत शेंडा आणि फुलोरा येतो, नुसतं बी आणि पान येत नाही. २०२१ मध्ये हेम्पच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यताही मिळाली. पण तेच बी मातीत टाकून वाढवलं की लागवड झाली. नुसत्या पानाची भांग या केंद्रीय कायद्यातून सुटते, मात्र महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्यात अडकते.

बांधावर आपोआप उगवलं असेल तर? उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं होतं, कारण झाडं त्यानेच लावली हे सिद्ध झालं नव्हतं. पण हे कोर्टात सिद्ध होईपर्यंतचे महिने कोण भरून देणार? त्यात उसाच्या किंवा तुरीच्या ओळींमध्ये खत-पाणी घातलेली झाडं सापडली, तर 'आपोआप' कोण मानेल?

आणि सातबारा सहसा वडिलांच्या नावावर असतो. कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत अशी लागवड आहे हे माहीत असून मालकाने कळवलं नाही, तर तोही शिक्षेला पात्र. सरपंच आणि गावच्या अधिकाऱ्यांवरही कळवायची जबाबदारी आहे. पोरगं प्रयोग करतं आणि चौकशीला म्हातारा उभा राहतो.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरात गांजा लावायची परवानगी मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव नाही, हे त्याचं कारण. पोलिसांनी याला प्रसिद्धीचा स्टंट म्हटलं. भावाचं दुखणं मात्र खोटं नव्हतं.

कायदेशीर वाट अगदीच नाही असंही नाही. धागा आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं, तशी सोय कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये असा परवाना दिला. तोवर एक ध्यानात ठेवा. हिरवळीच्या खताचा ताग आणि भाजीची अंबाडी ही वेगळी पिकं आहेत, बिनधास्त लावा. अंबाडीचं पान गांजासारखं दिसतं, एवढंच. तिचं शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलंय, हिबिस्कस कॅनाबिनस.