लिंगोच्या गाण्याला फिनलंडचा ठेका

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पलीकडे बस्तर. दोन्ही काठांवर माडिया राहतात आणि रेला हे फेराचं गाणं रंगलं की हात गुंफून फेर धरतात. एका गटाने ओळ टाकायची, दुसऱ्याने ती उचलायची, पावलांनी दोघांना ताल द्यायचा. माडिया ही गोंडीच्या घरातली बोली. शेजार मराठीचा, पण रक्ताचं नातं तेलुगू-तमिळशी. असं गाणं परभाषेत न्यायचं, तर काय उचलायचं? शब्द, ठेका, की समोरून येणारा तो दुसरा आवाज?

हा खटाटोप दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याची कथा चक्रावून टाकते.

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या गाथा गाणाऱ्या भाटाकडून, लिंगोची गाथा उतरवून घेतली. कोंडलेल्या गोंडांना गुहेतून सोडवणारा हा लिंगो. 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना हिस्लॉप पुराच्या नाल्यात बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले: गोंडी शब्द रोमन लिपीत, सोबत शब्दाला शब्द इंग्रजी. वाचताना दाताखाली खडे येतात.

कॅप्टन जेम्स फोर्सिथना ते खडे सोसले नसावेत. 1871 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिंगोला पद्यात बसवलं, तेही अमेरिकन कवी लाँगफेलोच्या ‘हायवाथा’ या काव्याच्या चालीवर. ओळीत आठ अक्षरं, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीत पहिल्यावर जोर: धूम-तक धूम-तक धूम-तक धूम-तक. पण ही चाल लाँगफेलोची तरी कुठे होती? अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कथा सांगायला त्याने 1855 मध्ये ती घेतली फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यातून, आणि तेही जर्मन अनुवाद वाचून. म्हणजे विदर्भातल्या परधानाच्या गाण्याला इंग्रजीत पाय फुटले ते फिनलंडचे, व्हाया जर्मनी आणि अमेरिका! वाचायला गोड लागतं, पण त्यात गोंडी लय शोधू नये.

पुढे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले शामराव हिवाळे आणि व्हेरियर एल्विन मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये जाऊन राहिले. 1935 मध्ये दोघांच्या नावाने गोंड गीतांचं इंग्रजी पुस्तक आलं. (आपल्याकडे एल्विनचं नाव निघतं, हिवाळ्यांचं क्वचितच. हे बरं नाही.) एल्विननी यमकाचा हट्ट सोडला आणि मुळात नसलेली प्रतिमा घुसडायची नाही, हे पथ्य धरलं. बस्तरच्या मुरियांवरचा त्यांचा 1947 चा ग्रंथ 1959 मध्ये फ्रेंचमध्येही गेला. घोटुलातली, म्हणजे मुरियांच्या युवागृहातली, गाणी अशी पॅरिसला पोचली, तीही इंग्रजीच्या खांद्यावरून.

या तीन प्रयत्नांत मला हिस्लॉपचे खडेच मोलाचे वाटतात, कारण तिथे मूळ शब्द शाबूत आहेत. अनुवाद चुकला तर दुरुस्त करता येतो. दुसरा आवाज मात्र कुठल्याच छापील पानाला पेलला नाही. म्हणून भामरागडच्या, एटापल्लीच्या शिकलेल्या पोरापोरींना एक विनंती: मराठी अर्थ सावकाश लिहा. आधी फोन फेराच्या मधोमध धरा आणि दोन्ही बाजूंचा आवाज साठवून ठेवा.