पॅनिंग : धावत्या मोटारीचे छायाचित्रण आणि कोनीय वेग

शर्यतीतील मोटारीचे छायाचित्र दोन रीतींनी घेता येते. शटर अत्यल्प काळ उघडून गती गोठविणे ही पहिली रीत. शटर काहीसे अधिक काळ उघडे ठेवून मोटारीबरोबर कॅमेराही फिरवीत नेणे ही दुसरी. या दुसऱ्या तंत्रास पॅनिंग असे म्हणतात. पहिल्या रीतीने मिळणारे चित्र सुस्पष्ट, परंतु बरेचदा फसवे असते. ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे दोन मीटर परिघाचे चाक सेकंदाला २५ फेरे घेते. १/१००० सेकंदात ते जेमतेम ९ अंश फिरते आणि मोटार रस्त्यावर उभी करून ठेवल्यासारखी भासते. १/६० सेकंदात मात्र तेच चाक १५० अंश फिरते.

पॅनिंगचे मर्म शटरच्या आकड्यात शोधले जाते; प्रस्तुत लेखकाच्या मते ते कोनीय वेगात आहे. छायाचित्रकार सरळ मार्गापासून २५ मीटर अंतरावर उभा आहे असे मानू. मोटारीचा वेग कायम असला, तरी कॅमेरा फिरविण्याचा वेग सतत बदलावा लागतो. मोटार समोर येण्यास ४५ अंश बाकी असताना तो सेकंदाला सुमारे ५७ अंश असतो; ती अगदी समोर आली की सुमारे ११५ अंश होतो. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. समोरच्या बिंदूपाशी हा वेग सर्वाधिक असतो, पण नेमक्या त्याच क्षणी तो बदलत नसतो. सर्वांत तीव्र बदल होतो तो त्यापूर्वी ३० अंशांवर, आणि नवशिक्याचा हात मागे पडतो तो बहुधा तेथेच. म्हणून पावले मार्गाच्या समोर रोवून, कमरेतून वळत, मोटार दुरूनच चौकटीत धरावी. समोर येताच बटण दाबावे आणि फलंदाज फटक्यानंतरही बॅट फिरवीत नेतो तसा कॅमेरा पुढे फिरता ठेवावा. २०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स असल्यास १/६० सेकंदात पार्श्वभूमी ३६ मिलिमीटर रुंद चौकटीत सुमारे ६.७ मिलिमीटर सरकते व तिच्या आडव्या रेषा होतात.

हात आणि मोटार यांचे कोनीय वेग जुळले नाहीत तर काय घडते, याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना फ्रेंच छायाचित्रकार ज्याक-आंरी लार्तिग यांचा आहे. फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीचे, १९१२ चे म्हणून ओळखले जाणारे हे चित्र. मोटारीचे चाक लंबवर्तुळाकार होऊन पुढे झुकले आहे, तर प्रेक्षक व खांब मागे कलले आहेत. कारण शटरच्या रचनेत आहे. त्या कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटसमोरून एक अरुंद फट सरकत असे, त्यामुळे दृश्याचा खालचा भाग आधी व वरचा भाग नंतर नोंदला गेला. तेवढ्या अवधीत मोटार चौकटीत पुढे सरकली, म्हणजे कॅमेरा तिच्यापेक्षा मंद फिरत होता. प्रेक्षक मागे कलले ते कॅमेरा फिरत होता म्हणूनच. रूढ निकषांनी हे पॅनिंग सदोष ठरते. तरीही १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने लार्तिग यांचे प्रदर्शन भरविल्यानंतर वेगाचे चित्र म्हणून तेच जगभर ओळखले गेले.

आजच्या बहुतेक मोबाइल-कॅमेऱ्यांत संवेदकावरील प्रतिमा ओळीओळीने वाचली जात असल्यामुळे शर्यतीच्या चित्रांत तशीच तिरकी चाके पुन्हा दिसतात. ती कोणत्या बाजूस झुकणार, हे वाचनाच्या दिशेवर अवलंबून असते.