जिमचा करार आणि वसुलीचा तगादा

आपली मुले वर्षभराची फी हप्त्यांनी ठरवून जिममध्ये नाव घालतात. जाणे बंद झाले तरी मागणी येते, आणि आईवडील भीतीपोटी पैसे भरतात. फोनवर वाद घालू नये. सदस्यत्व बंद करीत असल्याचे पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. सेवेत त्रुटी असल्यास बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. करारच अन्यायकारक ठरवून हवा असेल तर मात्र राज्य आयोग गाठावा लागतो. गरिबाला हे जडच.

हप्ते कर्जाचे असतील तर जिम सोडल्याने कर्ज फिटत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तरीही वसुलीचे फोन सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बँका व वित्त कंपन्यांना बजावले आहे. दारात येऊन कोणी धमकावले तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.