चाकाचा जमाखर्च

गाडी कितीही मोलाची असो, रस्त्याशी तिचा प्रत्यक्ष संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी. आणि त्या प्रत्येक ठिकाणी माणसाच्या तळहाताहून फारशी मोठी नसलेली रबराची जागा जमिनीला टेकलेली असते. इंजिनाची शक्ती, ब्रेकचा जोर, चालकाचे कौशल्य या सर्वांना अखेर त्या चार तळहातांतूनच वाट काढावी लागते. भरधाव वळणावर गाडी ठरल्या रेषेत राहणार की रस्ता सोडणार, याचा निवाडा तेथेच होतो. म्हणूनच स्पोर्ट्स कारचा इतिहास हा बऱ्याच अंशी तिच्या चाकांचा आणि टायरांचा इतिहास आहे. त्यातील एक अत्यंत बोधप्रद प्रकरण जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी घडले.

उलाळ झालेली गाडी

सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शे कंपनीने एक नवी गाडी मांडली. तिचे नाव होते ९०१. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितल्यामुळे पुढील वर्षी ते बदलून ९११ करण्यात आले. सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे तिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसविलेले होते. साहजिकच गाडीचे निम्म्याहून बरेच अधिक वजन मागच्या चाकांवर पडत असे. बैलगाडीत मागच्या बाजूस ओझे अधिक भरले की ती उलाळ होते, हे जुन्या काळच्या आडत्यांना सांगावे लागत नसे. पोर्शेच्या अभियंत्यांपुढे तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

सरळ रस्त्यावर ही रचना लाभाचीच होती, कारण मागच्या चाकांवर भार असल्याने ती निसटत नसत. वळणावर मात्र धोका दबा धरून बसलेला असे. वेग अधिक झाला असे वाटून चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की गाडीचा भार पुढे झुकायचा, मागच्या टायरांची पकड नेमक्या नको त्या क्षणी सैल व्हायची आणि जड शेपूट बाहेर फेकले जायचे. गाडी स्वतःभोवती फिरून मागच्या अंगाने रस्ता सोडायची. यालाच मोटारशास्त्रात ओव्हरस्टिअर म्हणतात. त्या काळी ९११ ची रिम अवघी साडेचार इंच रुंद होती आणि तिच्यावरचा टायर १६५ मिलिमीटरचा. शिवाय पुढचे आणि मागचे टायर एकाच मापाचे असत. मागचा टायर ओझे अधिक वाही, पण त्याला साधन मात्र पुढच्या टायरएवढेच मिळे.

कंपनीने प्रथम तात्पुरता उपाय केला. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रत्येकी सुमारे ११ किलोची धातूची वजने दडविण्यात आली. तागडीचा एक पासंग साधण्याचाच तो प्रकार होता. १९६९ च्या मॉडेलमध्ये दोन्ही आसांमधील अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर करण्यात आले, म्हणजे मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकली. दरम्यान रिमही टप्प्याटप्प्याने रुंद होत गेल्या. यापुढील पाऊल १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ या गाडीत पडले. तिच्या पुढच्या रिम ६ इंच, तर मागच्या ७ इंच रुंद होत्या. पुढचा टायर १८५ मिलिमीटरचा आणि मागचा २१५ चा. ज्याच्यावर ओझे अधिक, त्याला टायरही मोठा, हा साधा न्याय पोर्शेने रस्त्यावरील गाडीत तेव्हा आणला. तो आजतागायत पाळला जातो. २०१८ साली आलेल्या ९११ कॅरेरा एस मध्ये पुढे २४५ मिलिमीटरचे टायर २० इंची रिमवर, तर मागे ३०५ चे टायर २१ इंची रिमवर बसतात.

रुंदीने नेमके काय साधते

रुंद टायरचा अधिक भाग जमिनीला टेकतो, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ते अर्धसत्य आहे. हवेचा दाब आणि गाडीचे वजन तेच राहिले तर टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. बदलतो तो त्याचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आखूड व पसरट. चालक स्टिअरिंग वळवितो तेव्हा रबर किंचित पिळवटते आणि त्या पिळातूनच वळविणारा जोर उत्पन्न होतो. पसरट ठशाचा टायर थोडक्या पिळातच हा जोर देतो, म्हणून गाडी हुकूम चटकन मानते.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. टायरवरील भार दुप्पट केला तर पकड वाढते खरी, पण दुप्पट होत नाही. प्रत्येक वाढीव किलोमागे मिळकत कमी कमी होत जाते. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर लोटला जातो, तेव्हा आधीच ओझ्याखाली दबलेला टायर प्रथम हार मानतो. रुंद टायरला तेवढेच ओझे हलके वाटते. मागे रुंद टायर घातले की पुढची चाके आधी निसटू लागतात आणि गाडी वळणाच्या बाहेर सरळ ओढली जाते. हेही इष्ट नव्हे. पण अशा वेळी सामान्य चालक घाबरून पाय उचलतो तेव्हा गाडी बहुधा सावरते. १९६३ च्या रचनेत तीच कृती घातक ठरत असे.

मोठ्या रिमची किंमत

टायरच्या अंगावर २१५/४५ आर १७ असे लिहिलेले असते. २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ४५ म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे तो आकडा, आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. या हिशेबाने भिंत सुमारे ९७ मिलिमीटर आणि संपूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२५ मिलिमीटर येतो. रिम १८ इंची घ्यायची तर भिंत कमी करून २१५/४० घ्यावा लागतो; मग व्यास ६२९ वर राहतो. मात्र ४५ चीच भिंत ठेवली, तर व्यास ६५१ होतो आणि काटा १०० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात १०४ च्या वेगाने धावू लागते.

भिंत बुटकी झाली की ती कमी लवते. स्टिअरिंगचा इशारा रस्त्यापर्यंत लवकर पोहोचतो, गाडी तरतरीत वाटते. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला प्रथम वजन येते. मोठी रिम बहुधा जड असते, आणि चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे खडबडीत रस्त्यावर चाक उडते व क्षणभर जमिनीपासून सुटते. जे चाक जमिनीला टेकलेलेच नाही, त्याची पकड कसली? शिवाय जड चाक फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. खड्ड्याचा आघात पूर्वी रबराची भिंत सोसत असे. तो आता थेट रिमवर बसतो.

२०२२ साली फॉर्म्युला वन शर्यतींत १३ इंचांऐवजी १८ इंची चाके आली, तेव्हा याचाच प्रत्यय आला. जुन्या टायरची जाड लवचिक भिंत स्प्रिंगचे काम करीत होती. ती बुटकी होताच सस्पेन्शनची मांडणी संघांना नव्याने करावी लागली.

मुद्दाम निवडलेला अरुंद टायर

याच्या उलट दिशेने विचार करणारेही झाले. २०१२ साली आलेल्या टोयोटा जीटी ८६ या गाडीचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी तिला २१५ मिलिमीटरचे साधे रस्त्याचे टायर दिले. त्याच जातीचे टायर काही बाजारपेठांत प्रियस या काटकसरी कौटुंबिक गाडीलाही मिळत. स्पोर्ट्स कारला असे टायर पाहून पुष्कळांनी भुवया उंचावल्या. परंतु त्यामागे हेतू होता. अफाट पकडीचा टायर सुटतो तेव्हा वेग फार असतो आणि सावरायला अवधी उरत नाही. बेताच्या पकडीचा टायर कमी वेगातच, हळूहळू सुटतो. चालकाला गाडीची भाषा कळते आणि चूक दुरुस्त करायला उसंत मिळते. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ ला तर १४ इंची रिमवर अवघे १८५ चे टायर होते, तरीही वळणदार रस्त्यावरील तिच्या चपळाईची वाखाणणी आजही होते.

घरच्या अंगणात

हा विषय केवळ परदेशी गाड्यांचा नाही. नवी गाडी घरी आली की तरुण मुलाला मोठी ॲलॉय चाके खुणावू लागतात. अशा वेळी शोभेआधी काही आकडे पाहणे अगत्याचे ठरते. चाकाचा एकूण व्यास मूळ मापाच्या अगदी जवळ राहिला पाहिजे. टायरवरील भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ८७ हा अंक ५४५ किलो दर्शवितो आणि ८५ हा ५१५ किलो. दोन अंकांची ही घट चार चाकांवर मिळून १२० किलोंची होते, आणि सुटीत सारे कुटुंब सामानासह निघाले की ती जाणवते. पावसाळ्यात घाटरस्त्यावर पाणी साचलेले असेल तर रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. त्यामुळे तो अरुंद टायरपेक्षा कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. तरंगणाऱ्या गाडीत ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी असतात.

बहुतेक गाड्यांत चालकाच्या बाजूचे दार उघडले की चौकटीवर एक लहानसा कागद चिकटवलेला दिसतो. त्यावर टायरचे माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. तो आकडा निश्चित करण्यापूर्वी अभियंत्यांनी गाडीचे वजन, स्प्रिंग, ब्रेक आणि पावसातला रस्ता या सर्वांचा मेळ घातलेला असतो. टायरच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी तो कागद एकदा वाचावा, आणि नवे चाक गाडीला लावण्याआधी त्याच्या मापांशी ताडून पाहावे.