गाडीच्या बुडाखालची हवा

मागच्या बंपरखाली उभ्या पात्यांची काळी पट्टी लावलेल्या गाड्या आता पुण्या-मुंबईतही दिसतात. ॲक्सेसरीजच्या दुकानात तिला डिफ्यूजर म्हणतात. बहुतेक वेळा ती टेपने किंवा चार स्क्रूंनी बसवलेली शोभेची वस्तू असते आणि गाडीच्या चालीत तिच्यामुळे काडीचाही फरक पडत नाही. खरा डिफ्यूजर मात्र राबतो. तो कधी राबतो आणि कधी नुसता लटकतो, हे समजून घ्यायला सर्वांत उपयोगी पडते ती ब्रिटनमधली हलकी, घरच्या गॅरेजमध्ये जोडायची किट कार. कारण तिथे तो सहजासहजी बसतच नाही.

या जातीची मूळ गाडी लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ मध्ये आणली. सुटे भाग विकत घेऊन जोडली की पर्चेस टॅक्स वाचायचा, म्हणून अनेक गिऱ्हाइकं ती स्वतःच उभी करत. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले आणि तिचा बांधा आजही फारसा बदललेला नाही. वजन साधारण पाचशे-सहाशे किलो, आपल्या अल्टोपेक्षाही कमी. पण चाकं उघडी, काच सरळ उभी, दिवे बाहेर काढलेले. वेग वाढला की हवा या गाडीला जागोजागी अडवते. गंमत अशी, की याच चॅपमन यांच्या लोटसने पुढे ७८ आणि ७९ या फॉर्म्युला वन गाड्यांमधून बुडाखालच्या हवेची ताकद जगाला दाखवली. १९७८चं जगज्जेतेपद मारिओ अँड्रेटी यांनी त्याच जोरावर मिळवलं.

दाब कुठे कमी होतो?

अरुंद खडकांमधून जाताना नदी वेग घेते आणि पात्र रुंदावलं की संथ होते. गाडी आणि रस्ता यांच्यामधल्या फटीतली हवाही तशीच वागते. वेग वाढला की तिचा दाब उतरतो. गाडीच्या वरचा दाब तुलनेने जास्त राहतो आणि गाडीला खाली रेटतो. या रेट्याला डाउनफोर्स म्हणतात. टायरची पकड वाढते, पण गाडीचं वजन वाढत नाही, म्हणून तो हवाहवासा.

डिफ्यूजर म्हणजे तळाचा मागच्या टोकाकडे वर चढत गेलेला भाग. तिथे जागा वाढत जाते, हवा हळूहळू मंदावते आणि बाहेर पडेपर्यंत तिचा दाब भोवतालच्या हवेच्या जवळ येतो. शेवटी दाब पुन्हा वर यायचा, तर आधी तो बराच खाली गेलेला असावा लागतो. म्हणून सर्वांत कमी दाब मिळतो तो डिफ्यूजरच्या तोंडाशी, जिथे सपाट तळ संपून चढ सुरू होतो तिथे. डिफ्यूजर ओढतो ती त्याच्या पुढच्या तळाखालची हवा. पुढे तळच नसेल, तर तो ओढणार कशाला?

फूटपट्टी आणि कोन

तळ रस्त्यापासून १०० मिलिमीटर उंच आहे आणि डिफ्यूजर ६०० मिलिमीटर लांब आहे, असं धरू. कोन ९ अंशांचा ठेवला तर मागचं टोक सुमारे ९५ मिलिमीटर वर जातं, म्हणजे हवेची वाट जवळजवळ दुप्पट होते. हे जमण्यासारखं आहे. तोच कोन १५ अंश केला तर वाट अडीचपटीहून मोठी होते आणि या लांबीत हवा पत्र्याला चिकटून राहील याचा भरवसा उरत नाही. ती सुटली, की खाली भोवरे तयार होतात, डाउनफोर्स घसरतो आणि गाडीला मागे खेचणारी ओढ वाढते. दिसायला रुबाबदार, खडा चढ असलेला डिफ्यूजर म्हणूनच अनेकदा कुचकामी ठरतो.

मिळतं किती, याचाही अंदाज काढता येतो. ताशी १६० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण १२० किलो भरतो. तळाच्या एका चौरस मीटरवर त्याच्या पाचव्या हिश्शाइतका दाब कमी करता आला, तर सुमारे २४ किलो डाउनफोर्स मिळेल. पाचशे किलोच्या गाडीला ते जाणवतं. पण हे गणित वेगाच्या वर्गावर चालतं: ताशी ८० किलोमीटरला उरतात सहा किलो आणि शहरातल्या ४०ला दीड. डिफ्यूजर ही ट्रॅकवरची गोष्ट आहे.

बसवताना

सेव्हनच्या धाटणीच्या गाडीत इंजिन पुढे, त्याच्यामागे मधोमध बोगदा, मागे डिफरन्शियल आणि पेट्रोलची टाकी. इंजिनाखाली बहुधा उघडंच असतं आणि बोगद्याचं तोंडही खालून मोकळं. त्यामुळे पहिलं काम तळ बंद करण्याचं. ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो. कार्बन फायबर हलकं, पण महाग. पत्रा चासीच्या नळ्यांना पक्का धरला पाहिजे, नाहीतर कमी दाबाने तोच खाली ओढला जाऊन रस्त्याकडे फुगतो. ऑइल बदलायला आणि जॅक लावायला तो काढता यावा, म्हणून पाव फेऱ्यात सुटणारे स्क्रू वापरतात. पेट्रोल-ऑइल साचू नये म्हणून भोकं ठेवतात. बंद पोटात इंजिन आणि डिफरन्शियल तापतात, तेव्हा गरम हवेला वेगळी वाट करून द्यावी लागते. या गाड्यांचा सायलेन्सर बऱ्याचदा बाजूला असतो, एवढी सोय मात्र आयतीच मिळते.

मागच्या चाकांनी ढवळलेली हवा डिफ्यूजरमध्ये शिरू नये म्हणून दोन्ही कडांना उभ्या भिंती लागतात. सस्पेन्शन पूर्ण दबल्यावरही पत्रा चाकाला आणि रस्त्याला लागता कामा नये. ब्रिटनमध्ये घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए ही तपासणी होते. त्यात बाहेरून स्पर्श होऊ शकणाऱ्या कडा किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेल्या लागतात. नुसता कापलेला पत्रा तिथे पास होत नाही.

मागे वाढलं, पुढे काय?

डाउनफोर्स फक्त मागे वाढला, तर वेगवान वळणात मागची चाकं घट्ट धरतात आणि पुढची सरकतात. स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. म्हणून नाकाखाली छोटी पट्टी लावून किंवा गाडी किंचित नाकाकडे झुकवून तोल साधावा लागतो. पुढचं-मागचं एकत्र पाहण्याचा हा धडा शर्यतींतही दिसतो. १९८३ मध्ये फॉर्म्युला वनने चाकांच्या मधला तळ सपाट ठेवण्याची सक्ती केली, तेव्हा इंजिनिअरांनी मागच्या चाकांमागची जागा वापरायला घेतली आणि डिफ्यूजरला आजचं रूप आलं. २००९ मध्ये ब्रॉन संघाच्या दुमजली डिफ्यूजरवरून मोठा वाद झाला आणि त्याच वर्षी जेन्सन बटन त्या गाडीतून जगज्जेता ठरला. तरीही या सगळ्या गाड्यांत डिफ्यूजर हा पुढच्या पंखापासून सुरू होणाऱ्या आखणीचा शेवटचा तुकडा होता.

रस्त्यावरच्या लोटस एलिसने १९९६ मध्ये हाच धडा गिरवला: आधी सपाट तळ, मग त्याला जोडून डिफ्यूजर. किट कारवाल्यानेही खर्च याच क्रमाने करावा. आधी तळ, मग पुढचा तोल, मग डिफ्यूजर. आणि पत्र्यावर लोकरीचे आखूड धागे चिकटवून, कॅमेरा लावून ते सरळ मागे ताणलेले राहतात की फडफडतात, हे पाहावं. धागे फडफडत असतील, तर कोन कमी करावा. तळ बंद करणं जमणारच नसेल, तर डिफ्यूजरचे पैसे चांगल्या टायरांवर घालावेत; ती पकड ताशी चाळीसलाही मिळते.