ग्रंथी जागी व्हायला वेळ लागतो

जांबोटीच्या तिठ्यावरून एक रस्ता बेळगावला जातो, एक खानापूरला आणि तिसरा कणकुंबी-चोर्ल्यावरून गोव्यात उतरतो. घाटमाथ्याच्या धुवाधार पावसात दमेकऱ्याची धाप वाढते, म्हाताऱ्यांचे सांधे आखडतात, आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची इवलीशी गोळी दोन दिवसांत माणसाला उठवून बसवते. गुण आला की तीच जुनी चिठ्ठी पुन्हा दुकानात दाखवली जाते. असे महिने जातात. मग ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी एकदम बंद. खरा धोका तिथून सुरू होतो.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅमची एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल तयार होतं. रक्तदाब टिकवायला, साखर सांभाळायला, आजारपणात तग धरायला ते लागतंच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ‘एसीटीएच’ हे संप्रेरक सोडते, तेव्हा ग्रंथी कामाला लागते. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच पीयूषिकेला आवरतं. पण ग्रंथीचं पोषणही याच एसीटीएचवर चालतं. गोळीतलं स्टेरॉइड पीयूषिकेला अंगच्या कॉर्टिसॉलसारखंच भासतं. एसीटीएच आटतं आणि ग्रंथी सुकू लागते.

हे कळायला उशीर झाला नव्हता. अमेरिकेत ड्वाइट इंगल यांनी १९३० च्या दशकातच उंदरांना अ‍ॅड्रिनलचा अर्क देऊन त्यांच्या ग्रंथी आक्रसताना पाहिल्या होत्या. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये सांधेवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं गेलं. १९५० मध्ये अ‍ॅड्रिनलच्या संप्रेरकांवरच्या संशोधनासाठी केंडल, राइकस्टाइन आणि हेंच यांना नोबेल मिळालं. १९५२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एका मृत्यूची नोंद छापून आली. कॉर्टिसोन घेणारा तो सांधेवाताचा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर शॉकमध्ये गेला होता, आणि शवविच्छेदनात त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुकलेल्या आढळल्या.

याची उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. काही बाळांत कॉर्टिसॉल बनवणारं एक विकर जन्मतःच अपुरं असतं. आवरणारं कोणी नाही, त्यामुळे एसीटीएच वाढत राहतं आणि ग्रंथी फुगत जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाच शहरांतल्या तपासणीत हे प्रमाण ५,७६२ नवजातांमागे एक असं निघालं. त्या शहरांत मुंबई होती. मुलगा असेल तर वरून काहीच दिसत नाही, आणि काही बाळं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन, अंगातलं मीठ घटून दगावतात. चोर्ला उतरून गेलं की लागणाऱ्या गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांतून बाळांच्या टाचेच्या रक्ताची तपासणी सुरू केली होती. घाटाच्या या बाजूच्या बाळांनाही ती मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

पुरुषी स्टेरॉइडांचाही या ग्रंथीवर अंमल आहे. ग्रंथीच्या आवरणाखाली नव्या पेशी जन्मतात आणि जुन्या आत सरकत मरतात. मादी उंदरात हा थर साधारण तीन महिन्यांत नवा होतो, नरात नऊ महिने लागतात, कारण वृषणातली संप्रेरकं ही वाढ रोखून धरतात. हे २०१९ चं संशोधन आहे. उंदराचा हिशेब माणसाला तसाच लावता येत नाही, पण ग्रंथी किती मंदगतीने सावरत असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

माणसात सुकलेली ग्रंथी जागी व्हायला आठवडे नव्हे, कित्येकदा महिने लागतात, एखाद्याला वर्षही. म्हणून तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टेरॉइड डॉक्टर पायरी-पायरीने उतरवतात. या काळात ताप, जुलाब, अपघात किंवा शस्त्रक्रिया आली तर डोस वाढवावा लागतो. उलट्या थांबेनात, चक्कर येऊन माणूस कोसळला, तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. मोठ्या माणसाला शंभर मिलिग्रॅम. बेळगाव गाठेपर्यंत थांबण्याजोगी ही गोष्ट नाही. घाटमाथ्यावरच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही कुपी असायला हवी, आणि स्टेरॉइड घेणाऱ्याच्या खिशात औषधाचं नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख मराठी-कन्नड दोन्हींत लिहिलेला कागद.