दोन घरांची मुले : जपानी वारसा आणि बालपुस्तके

गेल्या दिवाळीत योकोहामाहून भाचीचा फोन आला. फराळाचा डबा पोचला का, चकल्या मोडल्या का, हे विचारून झाले. मग तिच्या सात वर्षांच्या लेकीने फोन घेतला आणि विचारले, “मामाआजोबा, ‘हाफू’ला मराठीत काय म्हणतात?” भाचीचा नवरा जपानी आहे. शाळेत कोणीतरी मुलीला हाफू म्हटले होते. ‘हाफ’ या इंग्रजी शब्दाचे हे जपानी रूप. आईवडिलांपैकी एक जण परदेशी असलेल्या मुलांसाठी तिथे तो सर्रास वापरतात. ‘अर्धी’ हा शब्द माझ्या ओठांवर आला आणि तिथेच अडला. “विचारून सांगतो,” एवढेच म्हणालो.

पण विचारायचे कोणाला? मी भाषातज्ज्ञ नाही, जपानचा अभ्यासकही नाही. बँकेतली नोकरी सांभाळून बालपुस्तके जमवायची आणि त्यांवर टिपणे काढायची, हा माझा तीस वर्षांचा नाद. तेव्हा जपानी वारसा आणि मिश्र घरे यांविषयी मुलांसाठी लिहिलेली पुस्तके वर्षभर वाचली. ती बहुतेक अमेरिकेत इंग्रजीतून निघालेली आहेत. त्या वाचनातून जे हाती आले, ते इथे मांडतो.

सुरुवात मराठी वाचकाच्या ओळखीच्या पुस्तकापासून करू. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ आपल्याकडे अनेक घरांत आहे. कोबायाशी गुरुजी आणि आगगाडीच्या डब्यातले वर्ग आपल्याला आठवतात, पण दोन छोट्या प्रसंगांकडे सहसा लक्ष जात नाही. मासाओ नावाचा कोरियन मुलगा तोत्तोचानला चिडून ‘कोरियन!’ असे ओरडतो. हा शब्द लोक त्यालाच तुच्छतेने म्हणत आले आहेत, त्यामुळे ती एक शिवीच आहे असे त्याला वाटते. दुसरा प्रसंग मियाझाकीचा. हा मुलगा जपानी, पण अमेरिकेत वाढलेला, म्हणून त्याला जपानी नीट येत नाही. गुरुजी मुलांना सांगतात, याला शिकवा. मुले त्याला जपानी शिकवतात आणि त्याच्याकडून इंग्रजी शिकतात. बाहेर तेव्हा इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरत होती. आपले मूळ एका मुलाला शिवीसारखे मिळाले आणि दुसऱ्याला शिदोरीसारखे. मला वाटते, या विषयावरच्या सगळ्या पुस्तकांचा प्रश्न या दोन प्रसंगांत सामावलेला आहे.

आता अमेरिकेकडे वळू. योशिको उचिदा यांचा जन्म १९२१चा, कॅलिफोर्नियातला. १९४९मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले, ‘द डान्सिंग केटल’. त्यात जपानी लोककथा होत्या. मात्र त्याआधी सात वर्षांपूर्वी त्यांच्यावर जे गुदरले होते त्याचा त्या पुस्तकात मागमूस नाही. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरची सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाची माणसे छावण्यांत गेली. त्यांतली जवळजवळ दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होती. उचिदा कुटुंबाला आधी टॅनफोरानच्या शर्यतीच्या मैदानावर घोड्याच्या तबेल्यात ठेवले आणि नंतर यूटाच्या वाळवंटातल्या टोपाझ छावणीत नेले. हे सारे मुलांसाठीच्या कादंबरीत यायला १९७१ साल उजाडले. ‘जर्नी टू टोपाझ’मधल्या युकीचे वय अकरा वर्षांचे आहे. लोककथा आणि ही कादंबरी यांच्यात बावीस वर्षे गेली. किटलीची गोष्ट सांगणे सोपे होते, तबेल्याची गोष्ट सांगायला हिंमत आणि ती ऐकणारी पिढी, दोन्ही लागले.

या जुन्या पुस्तकांत मिश्र घर मात्र सहसा भेटत नाही. त्यामागे कायदा आहे. कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि आशियाई व्यक्तींच्या लग्नाला १९४८पर्यंत बंदी होती. देशभरातले असे उरलेसुरले कायदे १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. तरीही मिश्र मुले होतीच. मांझानार छावणीत अनाथ मुलांसाठी वेगळे अनाथालय उभारले होते आणि तिथे मिश्र वंशाची मुलेही ठेवली होती. जपानमध्ये उलटी गत होती. वडील जपानी असले तर मूल जपानी नागरिक. आई जपानी आणि वडील परदेशी असले तर सहसा नाही. हा नियम १९८४मध्ये बदलला आणि नवा कायदा १ जानेवारी १९८५पासून लागू झाला. म्हणजे एका देशात अर्धे जपानी असणे छावणीत डांबायला पुरेसे होते आणि दुसऱ्या देशात नागरिक व्हायला अपुरे. ‘अर्धे’ हा शब्द केवळ मुलांच्या चिडवाचिडवीतला नाही. सरकारी कागदानेही हा हिशेब मांडलेला आहे.

कायदा बदलला त्याच १९८४ साली अमेरिकेत एक लहानसे चित्रपुस्तक आले, ‘हाउ माय पेरेंट्स लर्न्ड टु ईट’. लेखिका इना फ्रीडमन, चित्रे अ‍ॅलन से यांची. योकोहामातला एक अमेरिकन खलाशी आणि आइको नावाची जपानी मुलगी एकमेकांना आवडतात, पण एकत्र जेवायला बसायची दोघांना भीती वाटते. त्याला काड्या धरता येत नाहीत, तिला काटा-सुरी. दोघे एकमेकांना न सांगता शिकायला जातात. गोष्ट सांगते ती त्यांची मुलगी. तिच्या घरी कधी काड्यांनी जेवतात, कधी काटा-सुरीने, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही. जपानच्या जुन्या नियमाने ही मुलगी जपानी नागरिक ठरली नसती. ताटापाशी मात्र ती दोन्हीकडची आहे.

चित्रकार अ‍ॅलन से यांना हे घर काढायला दूर जावे लागले नसेल. ते १९३७मध्ये योकोहामातच जन्मले. वडील कोरियन, शांघायमध्ये एका ब्रिटिश कुटुंबात वाढलेले. आई जपानी वंशाची, पण जन्माने कॅलिफोर्नियाची. से स्वतः १९५३मध्ये, सोळावे लागण्याच्या सुमारास, अमेरिकेत आले. ‘ग्रँडफादर्स जर्नी’ या त्यांच्या पुस्तकाला १९९४चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. अमेरिकेत चित्रपुस्तकांसाठीचा हा सर्वांत मानाचा सन्मान. त्यातले आजोबा कॅलिफोर्नियात असताना जपानसाठी झुरतात, जपानला परतल्यावर कॅलिफोर्नियासाठी. मन शांत करायला ते गाणारे पक्षी पाळतात. युद्धानंतर पुन्हा पक्षी पाळत नाहीत. या आजोबांना ‘तुम्ही खरे कुठले?’ असे कोणी विचारत नाही. दोन्हीकडची ओढ खरी आहे, हे पुस्तक सरळ मान्य करते.

१९९९च्या ‘टी विथ मिल्क’मध्ये या आजोबांच्या मुलीची, म्हणजे से यांच्या आईची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या घरी आईवडील तिला बिनदुधाचा हिरवा चहा देतात. मैत्रिणींकडे ती दूध-साखर घातलेला चहा पिते. आईवडिलांबरोबर तिला जपानला जावे लागते. तिथे वर्गातली मुले तिला ‘गाइजिन’, म्हणजे परकी, म्हणून हसतात. पुढे ती एकटी ओसाकाला जाते आणि मोठ्या दुकानात नोकरी धरते. तिथे तिला इंग्रजी बोलणारा, तिच्यासारखाच दोन जगांतला तरुण भेटतो. दोघे मिळून दुधाचा चहा पितात. आपल्याकडे दुधाचा चहा इतका रोजचा की त्यात गोष्ट असेल असे वाटतच नाही. या पुस्तकात त्या दोघांचे घर त्या कपावरच उभे राहते. पुढे ते एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, मुलाशी जपानीत. ती किमोनोही कधीमधी नेसते, पण जमिनीवर बसायची सवय तिला शेवटपर्यंत होत नाही.

तिसरी पिढी ‘द फेवरिट डॉटर’ या २०१३च्या पुस्तकात येते. से यांची मुलगी युरिको सोनेरी केसांची. किमोनो घातलेला आपला लहानपणचा फोटो ती शाळेत नेते, तर मुले हसतात. जपानी बाहुलीचे केस काळे असतात म्हणे. नव्या चित्रकलेच्या बाई तिच्या नावाचा भलताच उच्चार करतात. घरी येऊन ती जाहीर करते, आजपासून माझे नाव मिशेल. वडील चिडत नाहीत, जपानच्या थोरवीवर व्याख्यान देत नाहीत. ते तिला नव्या नावाने हाक मारू लागतात. मग तिला सुशी खायला आणि जपानी बागेत नेतात. आपले नाव ती स्वतःच परत घेते. या विषयावर मी वाचलेले बापाचे हे सर्वांत शहाणे वागणे आहे.

वारसा असा आयता हाती येतोच असे नाही. किकू ह्यूज यांच्या ‘डिस्प्लेसमेंट’ या २०२०च्या चित्रकादंबरीतली मिश्र वंशाची किशोरी भूतकाळात खेचली जाते आणि आपली आजी जिथे होती त्या छावणीत पोचते. तिला जपानी येत नाही. छावण्यांनंतर अनेक कुटुंबांनी ‘चांगले अमेरिकन’ दिसण्यासाठी घरातली भाषा आणि आठवणी दोन्ही मिटून ठेवल्या. आजी बोलली नाही, म्हणून नातीला इतिहासात जावे लागले. उचिदांच्या बावीस वर्षांच्या मौनाचे हे पुढचे टोक.

ही पुस्तके शेजारी ठेवली की एक कसोटी हाती येते. ज्या पुस्तकात किमोनो, कंदील आणि चेरीचा बहर मांडून ठेवलेला असतो, ते पाहुण्यांसाठी असते. घरातल्या मुलाला त्यात बाहुली भेटते आणि तिचे केस काळेच असतात. ज्या पुस्तकात आज कशाने जेवायचे, चहात दूध घालायचे का, कोणत्या नावाने हाक मारायची, असे साधे निर्णय असतात, ते घरच्या मुलासाठी असते. तिथे मुलाच्या रक्ताची वाटणी कोणी करत नाही. त्याच्यापुढे दोन ताटे असतात, एवढेच. जपानमध्ये काही पालक ‘हाफू’ऐवजी ‘डबल’ म्हणा असा आग्रह धरतात. त्यामागची माया कळते, पण हिशेब तोच राहतो.

यंदा फराळाच्या डब्यात ‘टी विथ मिल्क’ घालून पाठवले आणि फोनवर उधारीचे उत्तरही दिले. म्हटले, “हाफूला मराठीत चांगला शब्द नाही ग. पण आईच्या माहेराला आपल्याकडे आजोळ म्हणतात. तुझे घर योकोहामा आणि आजोळ पुणे.”

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्या मैत्रिणीचं आजोळ होक्काइदोला आहे. तिला तर कोणी हाफू म्हणत नाही.”

“नाहीच म्हणत,” मी म्हणालो.